चौथी फेरी, टेबल अकरा

देवगड बंदरावर, मच्छीमार सोसायटीच्या
बर्फ कारखान्याच्या माडीवर जिल्हा स्पर्धा.
खाली बर्फ फोडायचं यंत्र सुरू झालं
की वर सगळे घोडे आपापल्या घरात थरथरतात.
पंच पेडणेकरांनी सकाळीच बजावलंय,
थरथरणं ही खेळी धरली जाणार नाही.

समोर दुर्वा खवळे. वय अकरा.
उंची पुरावी म्हणून खुर्चीत गुडघ्यांवर बसलेली.
पाण्याच्या बाटलीवर पापलेटचं स्टिकर,
एका कोपऱ्यात नखाने सोललेलं.
मी एसटीच्या आगारात वेळापत्रक लिहितो.
रेटिंग सोळाशे बारा, नऊ वर्षं तेवढंच,
मुक्कामाच्या गाडीसारखं जागच्या जागी.

राजापुढचं प्यादं दोन घरं. वीस वर्षं हेच.
तिनं वजिराच्या उंटापुढचं उचललं
आणि एकच घर पुढे ठेवलं,
झोपलेल्याच्या उशाशी तांब्या ठेवावा तसं.
कारो-कान.
माझे काका त्याला काळा कान म्हणायचे.
त्यांच्या रीतीत प्यादं एकच घर चाले;
दोन घरांची घाई, म्हणायचे,
ज्याला गाडी पकडायचीय त्याने करावी.

तिसऱ्या खेळीला माझं प्यादं पुढे घुसलं.
तिचा उंट बाहेर आला,
दार लागायच्या आत निसटलेल्या मांजरासारखा.
चौथीला मी कडेचं प्यादं दोन घरं सोडलं.
खरं सांगतो, तो गळ होता.
ती सवयीने खेळली असती
तर त्या उंटाला मी घरोघर पळवला असता.
तिनं मान वर केली नाही.
आपलं कडेचं प्यादं आणून
माझ्याच्या नाकाला नाक लावलं.
तांडेलाची पोर. गळ ओळखते.

सातव्या खेळीला माझं पाठांतर संपलं.
पटाची मधली घडी मी प्रथमच पाहिली.
खाली यंत्र घरघरलं,
आणि माझ्या राजाभोवतीची घरं
सगळी एकाच रंगाची झाली.

चोविसाव्या खेळीला मी बरोबरी विचारली,
थोरल्याने धाकट्याला लाडू द्यावा तशी.
"नको," ती म्हणाली. पटालाच म्हणाली.
तिचं खरं होतं. माझा हत्ती कोंडलेला,
माझे कान तापलेले.

अडतिसावी खेळी. तिची तीन मिनिटं उरलेली.
तिनं एक प्यादं जास्तीचं खाल्लं. एवढंच.
माझा घोडा उडाला, शह राजाला, डोळा हत्तीवर.
तिनं लगेच हात पुढे केला नाही.
घड्याळाचे आकडे उतरताना बघत राहिली
दोन अख्खी मिनिटं.
मग दिला. लहान, गार हात.

जिन्यात बसून पट पुन्हा मांडला.
मी घोड्याबद्दल बोलायला लागलो,
तिला शेवट बघायचाच नव्हता.
"तिसऱ्याक प्यादा पुढे कित्याक ढकललात?
मारूक गावत होता."
मला सुचेना. सवय, म्हणालो.
तिनं उंट मुठीत फिरवला.
"बाबा सांगता, खाडीतसून भायर पडताना
देवळाचो कळस नि सुरूचा झाड
एका रेषेत धरूचा. खडक लागणत नाय.
मगे दर्या. थय खूण नाय."
जरा थांबून, "माझो कळस बाराव्या खेळीपर्यंत दिसत होतो."
माझा सातव्यालाच गेला होता.
हे मी तिला सांगितलं नाही.

खाली तिचा बाप आकड्याने लादी ओढत होता.
"काय झाला गो?"
"हरलंय."
"बरा. ही पाटी धर."
तिनं धरली. बर्फाचा चुरा
तिच्या स्पर्धेच्या बिल्ल्यावर उडाला.

पाचव्या फेरीला काळी माझ्याकडे.
समोर कणकवलीचे निवृत्त तलाठी,
आल्या आल्या त्यांनी राजापुढचं प्यादं
दोन घरं टाकलं आणि बटण दाबलं.
मी बराच वेळ बसलो.
हात नेहमीच्या प्याद्याकडे गेला,
थांबला,
दोन घरं बाजूला सरकला.
खाली यंत्र पुन्हा सुरू झालं होतं.